दरडीनंतर, पुरानंतर एकत्र गायला बसायचं असेल तर आधी झील धरायला शिका

जुलै २०२१ मध्ये साताऱ्याच्या पाटण तालुक्यात दरडी कोसळल्या. आंबेघर, मिरगाव, ढोकावळे ही नावं बातम्यांत दोन-चार दिवस आली आणि गेली, पण नवी मुंबईतल्या आमच्या कोपरखैरण्यातून ती गेली नाहीत, कारण इथल्या माथाडींच्या घरात निम्मी माणसं तिकडचीच आहेत. माणूस इथे एपीएमसीत, म्हणजे घाऊक मार्केटात, गोणी उचलतोय आणि त्याचा चुलता, चुलती, गोठा सगळं तिकडे चिखलाखाली. लोकल तेव्हा सगळ्यांना नव्हती, कोविडचे नियम होते, वरून पाऊस. जे कसेबसे गावाला जाऊन आले ते आल्यावर बोलेनातच. जे जाऊ शकले नाहीत ते तर त्याहून गप्प.

त्या गप्प माणसांना घेऊन आम्ही गणपती झाल्यावर, सप्टेंबरच्या शेवटी, बिल्डिंगच्या गच्चीवर गायला बसलो. मी काही विशारद वगैरे नाही हं, भजनी मंडळात पेटी वाजवते एवढंच. पण मागच्या महिन्यात घणसोलीच्या एका ताईंनी विचारलं की आमच्याकडे पण असं काहीतरी सुरू करायचंय, नीट लिहून द्या ना, म्हणून हे लिहितेय, चुकांसकट. पूर असो, दरड असो, भूकंप असो, पद्धत साधारण हीच चालेल.

सगळ्यात आधी "झील" म्हणजे काय ते सांगते कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. गोंधळात नाहीतर तमाशात मुख्य गाणारा पुढे असतो आणि मागे उभे राहून ओळ उचलून धरतात ते झिलकरी. पुढच्याचा दम संपला, खोकला आला, शब्द विसरला, तरी मागचे सूर सोडत नाहीत. आपल्याला असा ग्रुप बांधायचाय की त्यात कुणाचाही आवाज मधेच फुटला तरी गाणं चालू राहील आणि त्या माणसाला परत यायला जागा राहील. सुंदर गाणं हा मुद्दाच नाहीये इथे.

घाई करू नका

पहिले काही दिवस लोकांना पाणी, सुकी चादर, पंचनामा, बँकेचं पासबुक, रेशन कार्डाची झेरॉक्स हे हवं असतं. त्या वेळी पेटी घेऊन जाऊ नका, लोक मनातून शिव्या देतील आणि बरोबरच देतील. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराचं एक पुस्तक काढलंय, त्याचा गाभा तीन शब्दांचा आहे, पाहा, ऐका, जोडा. आणि त्यात हेही आहे की माणसाला काय झालं ते सांगायला भाग पाडायचं नाही. गाण्याचा खरा फायदा मला इथेच वाटतो, माणूस न बोलता चारचौघांत बसू शकतो.

लोक स्वतःहूनच गायला लागले तर गोष्ट वेगळी, तिथे गपचूप मागे जाऊन बसा. नाहीतर साधारण सहा आठवडे ते दोन महिने जाऊ द्या.

"घरात वर्षाच्या आत गाणं नको" हे तुम्हाला ऐकायला मिळेलच. आम्हाला पहिल्या पाच घरांपैकी तीन घरांत मिळालं. वाद घालू नका. मी एवढंच म्हणाले की काकू, आपल्याकडे अंत्ययात्रेला टाळ चालतो, दहाव्यापर्यंत रात्री भजन चालतं, मग हे तेच समजा. आणि खरं सांगू का, आपल्या बायका रडताना सुद्धा हेल काढून रडतात, म्हणजे रडण्यालाही चाल असतेच आपल्याकडे. गाणं म्हणजे आनंदाचाच कार्यक्रम हे लग्नाच्या डीजेने डोक्यात बसवलंय.

माणसं, वार, जागा

बारा ते पंचवीस माणसं बरी. दहाच्या खाली एकेकाचा आवाज उघडा पडतो, लाजणारा माणूस दुसऱ्या दिवसापासून येत नाही. तीसच्या वर गेलं की कोण आज आलं नाही हे कळत नाही, आणि ते कळणं फार महत्त्वाचं आहे. नुसती नुकसान झालेली माणसं घेऊ नका. आमच्यात निम्म्यांचं गाव सुरक्षित होतं, आणि बरं झालं तेच, सूर धरून ठेवायला कुणीतरी कोरडं लागतं.

वार एकच ठेवा. मार्केटची माणसं रात्री कामाला जातात, सकाळी झोपतात, म्हणून आम्ही रविवार संध्याकाळ पाच ते सव्वासहा ठेवलं. सव्वा तास म्हणजे सव्वा तास, रंगात आलं म्हणून ताणायचं नाही, कारण ताणलं की पुढच्या वेळी लोक विचार करतात. लाऊडस्पीकर आम्ही लावतच नाही, तुम्हाला लावायचाच असेल तर परवानगी लागते आणि रात्री दहा ते सकाळी सहा बंदच ठेवावा लागतो.

जागा निवडताना एक गोष्ट कुणी सांगत नाही ती सांगते. पत्र्याची शेड घेऊ नका. पावसाची सर पत्र्यावर आली की असा काही आवाज होतो की दरडीतून आलेला माणूस तिथे बसूच शकत नाही. आणि जिथे मदत छावणी होती किंवा जिथे याद्या लागल्या होत्या ती शाळा, तो हॉल पण नको. गच्ची चांगली, पाऊस असेल तर जिन्याखालची सोसायटीची रूम.

हवा खेळती पाहिजे हे वेगळं सांगायला नको, तरी सांगते. मार्च २०२० मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात एका कॉयरची, म्हणजे एकत्र गाणाऱ्या मंडळाची, प्रॅक्टिस झाली, ६१ जण होते, त्यातले ५३ जण कोविडने आजारी पडले, दोघं गेली. गाताना तोंडातून किती काय बाहेर पडतं ते तेव्हा जगाला कळलं. म्हणून आम्ही गच्चीवर, दोन हात अंतर ठेवून, आणि पहिले चार रविवार तर मास्कमधूनच, हळू आवाजात बसलो. आता कोविडची तशी साथ नाही पण पुरानंतर तापाच्या साथी असतातच, ताप-खोकला असेल त्याने घरी बसायचं, हा नियम पहिल्या दिवशी सांगून टाका.

पहिला दिवस: गाणं नाहीच

गोल बसवा, समोरासमोर रांगा नकोत. गोलात पण मधे एक-दोन जागा रिकाम्या सोडा म्हणजे उशिरा आलेल्याला "सरका सरका" करावं लागत नाही. दाराजवळची जागा ज्याला वाटेल त्याला, कुणी विचारायचं नाही की तू तिथे का बसतोस.

मग असं करा.

खांदे वर, खाली, सैल. चार मोजत नाकाने श्वास आत, सहा-आठ मोजत तोंडाने हळू बाहेर. तीन-चारदाच, जास्त केलं तर चक्कर येते. मग ओठ मिटून "म्" चा हुंकार, जो सूर येईल तो, कुणाचा कुणाशी जुळायची गरज नाही. मी मुद्दाम ओंकार म्हणत नाही, कारण आमच्या गोलात दोन बौद्ध कुटुंबं आहेत आणि खालच्या दुकानातले चाचा पण येतात, आणि "म्" ला कुणाचीच हरकत नसते. हात छातीवर ठेवायला सांगा, बरगडीत गुणगुण लागते. पुष्कळ दिवस नीट झोप नाही, घशात आवंढा अडकलेला, अशा माणसाला ती लागली की त्याचा चेहरा बघा तुम्ही.

हे का चालतं, तर गाणं म्हणजे मुळात लांब उच्छ्वास. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा संथ होतात, आणि सगळे एकाच ओळीवर श्वास सोडायला लागले की सगळ्यांचे ठोके एकाच वेळी संथ आणि जलद व्हायला लागतात. स्वीडनच्या गोथेनबर्ग विद्यापीठातल्या लोकांनी २०१३ मध्ये कॉयरमधल्या मुलांवर हे मोजून दाखवलंय. आमच्या वारकऱ्यांना ते मशीन न लावता माहीत होतं असं मी म्हणणार होते, पण राहू दे, माहीत असणं आणि अंगवळणी असणं यात फरक आहे.

मग सगळ्यात महत्त्वाचा व्यायाम, याला आम्ही "चोरून श्वास" म्हणतो. पेटीवर एक सूर धरायचा, सगळ्यांनी "आ" लावायचा आणि दोन मिनिटं तो आवाज तुटू द्यायचा नाही. दोन मिनिटं एका माणसाला शक्यच नाही, म्हणून प्रत्येकाने मधेच चोरून श्वास घ्यायचा, पण शेजारचा घेतोय तेव्हा नाही. थांबलं की मोठ्याने परत घुसायचं नाही, हळूच यायचं. पहिल्या वेळी आमचा आवाज वीस सेकंदांत धपकन बंद पडला, सगळ्यांनी एकदमच श्वास घेतला, आणि लोक हसले. दोन महिन्यांत तिथे पहिल्यांदा कुणीतरी हसलं होतं. तिसऱ्या रविवारी दोन मिनिटं जमली. हे दर वेळी सुरुवातीला करा, कंटाळा आला तरी करा, कारण गाण्यात कुणी रडायला लागला की बाकीच्यांनी काय करायचं हे यातच शिकून होतं, वेगळं समजावावं लागत नाही.

पट्टी

पट्टी म्हणजे पेटीवरच्या ज्या सुरावरून आपण गातो तो. बायकांची साधारण काळी चार-पाच, पुरुषांची काळी एक-दोन, त्यामुळे मिश्र ग्रुपमध्ये एकजण किंचाळतो आणि दुसरा पुटपुटतो. यावर उपाय म्हणजे पाच-सहा सुरांत फिरणारी चाल निवडायची, लांब उड्या असलेली नाही. ग्रुपमधल्या सगळ्यात लाजऱ्या बाईला गाण्यातला सगळ्यात वरचा सूर लावायला सांगा, तिला जिथे त्रास होतो त्याच्या एक पट्टी खाली गाणं सुरू करा. पुरुषांनी तेच खालच्या सप्तकात धरायचं. भजनी मंडळातल्या लोकांना टिपेला जायची सवय असते, त्यांना आवरा, प्रेमाने. रडून रडून लोकांचे घसे बसलेले असतात. पेटी नसेल तर मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप लावा, काम होतं.

पखवाजाची चूक

दुसऱ्याच रविवारी आमच्या एका दादांनी उत्साहाने पखवाज आणला. धुम्याला, म्हणजे डाव्या बाजूला, छान कणीक लावलेली, ओली, आणि पहिलीच थाप मारली. तो आवाज माहितीये ना तुम्हाला, पोटातून येतो. गोलातल्या एक मावशी उठल्या आणि तडक जिन्याकडे, चप्पल पण नाही घातली. नंतर कळलं की दरड आली तेव्हा त्या गावीच होत्या आणि आधी असाच आवाज आला होता, जमिनीच्या आतून. आम्ही कुणी विचारच केला नव्हता. त्या दादांना इतकं वाईट वाटलं की ते महिनाभर कणीक बघितली तरी गप्प व्हायचे.

तेव्हापासून नियम असा: पहिले दोन-तीन महिने चामड्याचं वाद्य नाही. टाळ हलके, चिपळ्या, हाताची टाळी, बास. नंतर ढोलकी आणायची असेल तर आदल्या रविवारी सांगायचं, वाद्य गोलाच्या मधे ठेवून द्यायचं, ज्याला वाटेल त्याने हात लावून बघायचा, आणि मग हळू वाजवायचं. त्या मावशींनी पुढे डिसेंबरात स्वतः त्या पखवाजाची कणीक मळली, पण ते त्यांचं त्यांनी ठरवलं, आम्ही वाट बघत नव्हतो.

कुठली गाणी

एक शंभर पानी वही करा. पहिल्या दिवशी घरी जाताना प्रत्येकाला विचारा, तुमच्या घरी कोण काय म्हणायचं? शाळेची प्रार्थना, जात्यावरची ओवी, काकड्याचा अभंग, आरती, जाखडीतलं काही, आगरी माणूस असेल तर लग्नातला धवला, काही चालेल. वहीत गाण्याच्या पहिल्या ओळीसमोर सांगणाऱ्याचं नाव लिहा. नवीन "प्रेरणादायी" गाणं बाहेरून आणू नका, उठा लढा जिंका टाईप तर अजिबात नको, ज्याचं घर गेलंय त्याला लढायला सांगणं म्हणजे जखमेवर मीठ.

पहिले काही आठवडे नामाचा साधा गजर आणि एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी उचलायचं अशी गाणी. पाठांतर लागत नाही, चष्मा लागत नाही, चष्मे तर पुरात गेलेले असतात. पाऊस-नदीची गाणी बाजूला ठेवा. पाळणे सुद्धा, कुणाचं काय गेलंय आपल्याला पूर्ण माहीत नसतं.

ओवी मात्र जरूर घ्या, कारण तिच्यात स्वतःचं घालता येतं. दुर्घटनेवर ओवी करायला सांगू नका. गावातली एक वस्तू सांगा म्हणा. पार, पायरी, उंबर, काहीही. आमच्या एका मावशींनी बसल्या बसल्या म्हटली ती अशी:

पयली माझी ववी गं, पाणवठ्याच्या दगडाला
झिजला गं बाई तो, माझ्या मायच्या धुण्याला

सगळ्यांनी दुसरी ओळ उचलली, चार-पाच वेळा. तो दगड आता नाहीये.

कुणी रडलं तर

रडणारच. आम्ही पहिल्या दिवशीच सांगितलं की तीन वाटा आहेत, गात गात रडा, गप्प बसून राहा, किंवा उठून बाहेर जा. बाहेर गेलं तर ठरलेली एक व्यक्ती पाण्याचा तांब्या घेऊन मागून जाणार, जवळ बसणार, काही विचारणार नाही. गाणं थांबणार नाही. "रडू नको", "देवाची इच्छा", "बाकीचे तरी वाचले ना" ही तीन वाक्यं आमच्या गच्चीवर बंद आहेत. थांबवलं की सगळ्यांच्या नजरा त्या माणसाकडे जातात, त्याला वाटतं मी सगळ्यांचं बिघडवलं, आणि तो परत येत नाही. सूर चालू असला की तो झाकला जातो.

पण गाणं म्हणजे औषध नाही, हे स्वतःला बजावत राहा. कुणी आठवडेच्या आठवडे झोपत नाही, जेवण सुटलंय, दारू वाढलीये, "मी पण त्यांच्यासोबतच जायला हवं होतं" असं परत परत म्हणतोय, तर गाण्यावर भागवू नका. टेलिमानस म्हणून सरकारी हेल्पलाईन आहे, नंबर १४४१६, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. ठाण्यात आयपीएच ही संस्था १९९० पासून मानसिक आरोग्याचं काम करतेय. कुठे पाठवायचं ते सुरू करायच्या आधीच वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, ऐनवेळी शोधत बसू नका. आणि मरायचं बोलणाऱ्या माणसाला त्या रात्री एकटं सोडू नका.

न गाणाऱ्यालाही काम द्या. आमच्याकडे एक तात्या आहेत, आजतागायत एक ओळ म्हटलेली नाही त्यांनी. सतरंज्या अंथरणं, चहा आणणं त्यांच्याकडे. वीस जणांचा चहा-बिस्किट दोनशे-अडीचशेत होतो, तेवढा डब्यातून निघतो. चहा टाळू नका. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१५ मध्ये गाण्याचे, हस्तकलेचे आणि लिहिण्याचे वर्ग सात महिने बघितले, शेवटी सगळ्याच वर्गांत ओळखी झाल्या होत्या, पण गाणाऱ्यांची गट्टी लवकर जमली. आमच्याकडे ती चहात पक्की झाली असं माझं मत. गाऊन झाल्यावर कपातच कळतं की कुणाचा पंचनामा अडकलाय, कुणाला भाड्याची खोली हवीये, आणि मग कोणीतरी म्हणतं की उद्या मी येतो तुझ्याबरोबर तहसीलला.

स्टेज

तीन महिन्यांत कुणीतरी येणारच, "आमच्या कार्यक्रमात गा, सत्कार करू, शाल-श्रीफळ." आमच्याकडे आले, बॅनरवर "दरडग्रस्तांचे गायन" छापलं होतं. एका काकांनी तो बॅनर वाचला आणि दोन रविवार आले नाहीत. म्हणजे आमचीच चूक, आम्ही आधी विचारायला हवं होतं. दुसरी चूक मोबाईलची. कुणीतरी भाबडेपणाने व्हिडिओ काढला, मागे दर्दभरी धून लावून ग्रुपवर टाकला, आणि एका ताईंचा रडतानाचा चेहरा त्यांच्या सासरपर्यंत गेला. आता मोबाईल पिशवीत, पिशवी तात्यांकडे.

स्टेज कायमचं वाईट असं नाही. वेल्समध्ये अॅबरफॅन नावाचं कोळसा खाणीचं गाव आहे, २१ ऑक्टोबर १९६६ ला वरचा कोळशाच्या मातीचा डोंगर पावसाच्या पाण्याने सुटून शाळेवर आला, १४४ जण गेले, त्यात ११६ मुलं. त्यानंतर तिथल्या पुरुषांनी एकत्र येऊन कॉयर सुरू केलं, त्यांचे पुढे किती तरी कार्यक्रम झाले. पण ते त्यांचं त्यांनी उभं केलं, कुणी बॅनर लावून बोलावलं नव्हतं. तुमच्या गोलातलाच माणूस "आता चारजणांसमोर म्हणूया" म्हणाला तर म्हणा. आणि तेव्हाही नाव नुसतं भजनी मंडळ.

पुढचा पावसाळा

जून आला की लोक परत गप्प होतात, आकाशाकडे बघतात, फोन हातातून सोडत नाहीत. आम्ही जूनमध्ये नवीन गाणं घेत नाही, वहीतली जुनीच. वर्षदिवस येतो त्या आठवड्यात दोनदा बसतो, आणि आधी घरोघरी विचारून येतो की त्या दिवशी बसायचं का, कारण पुष्कळजण गावाला वर्षश्राद्धाला जातात आणि मागे राहिलेल्यालाच जास्त लागतं. तिघा-तिघांची फोनची साखळी असते, जोराचा पाऊस झाला की रात्री एकमेकांना मिस्ड कॉल.

संख्या कमी होते, होऊ द्या. सत्तावीसवरून आम्ही आता अकरा आहोत, बाकीचे बरे झाले म्हणून येत नाहीत की कंटाळले, दोन्ही असेल. बंद करायचं झालं तर तारीख सांगून बंद करा, अचानक कुलूप लावू नका.

पावसाळ्यात खालच्या रूममध्ये बसतो तेव्हा सर आली की मी पेटीवर सूर नुसता धरून ठेवते. दोघं उठून खिडक्या लावतात, बाकीचे "आ" वर असतात, श्वास चोरून. कुणी दाराकडे जाऊन बघून येतं. ते परत येऊन बसले की जिथे सोडलं होतं तिथूनच पुढची ओळ.